देव कौल देत नाही तेव्हा

मुंबईत असताना माझं पोट बोलण्यावर चालायचं. एमटीएनएलच्या १९७ वर, म्हणजे कुणाचा टेलिफोन नंबर हवा असला की लोक जिथे फोन करायचे तिथे, मी ऑपरेटर होते. हेडफोन कानाला, बोटं कीबोर्डवर, आणि पलीकडून आवाज: "ते दादरचे डॉक्टर कुलकर्णी, त्यांचा नंबर द्या हो." दादरला डॉक्टर कुलकर्णी किती असतील हे विचारणाऱ्याच्या गावीही नसायचं. त्याच्यापुरते डॉक्टर कुलकर्णी एकच, आणि ते सगळ्या मुंबईला माहीत असणारच. मग आम्ही विचारायचं: कोणत्या रस्त्याला? दवाखान्याचा हवा की घरचा? पूर्ण नाव आठवतंय का? एवढ्यावर नंबर निघायचा. २०२० च्या जानेवारीअखेर आमच्यातल्या पुष्कळांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात मीही होते. देवगड तालुक्यातल्या घरी येऊन राहिले आणि मागच्या अंगाच्या खोल्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या.

त्या खोल्यांत गेल्या थंडीत माझी पुतणी तिच्या सोबत्यांना घेऊन उतरली. तिचं संशोधन चॅटबॉटवर, म्हणजे माणसाशी बोलणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमवर आहे. "परिषद वगैरे नाही गं आत्या, नुसतं बसून बोलायचंय," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. आले ते आठ-दहा जण. कुणी संगणकवाले, एक भाषाविज्ञान शिकवणाऱ्या बाई, मानसशास्त्रातला एक मुलगा, एक डिझाइनर. एकजण शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर सल्ला देणारा बॉट करत होता, म्हणून तर देवगड निवडलं होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माडाच्या झापांचा मांडव होताच, त्याखाली सतरंज्या टाकल्या. मी घावणे आणि चहा नेऊन द्यायची आणि तिथेच खांबाला टेकून बसायची. पहिल्या दिवशी कुणी मला काही विचारलं नाही, तेही बरंच झालं. ऐकायची सवय मला नोकरीतच लागलेली.

हे असं बसणं युरोपात बरीच वर्षं चाललंय म्हणे. 'कॉन्व्हर्सेशन्स' नावाची चॅटबॉटवरच्या संशोधकांची कार्यशाळा २०१७ च्या नोव्हेंबरात ग्रीसमधल्या थेसालोनिकीत पहिल्यांदा भरली. मग सेंट पीटर्सबर्ग, अ‍ॅमस्टरडॅम, करोनात दोन वर्षं पडद्यावर. २०२२ ची बैठक अ‍ॅमस्टरडॅमला २२ आणि २३ नोव्हेंबरला झाली. माणसं आपापल्या गावी परतली, बॅगा रिकाम्या झाल्या असतील-नसतील, आणि ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. पुतणी हे सांगताना हसत होती. मला मात्र त्या माणसांबद्दल आदर वाटला. कारण त्यांनी २०२१ मध्येच पुढच्या कामाचा जो आराखडा छापला होता, त्यातले प्रश्न चॅटजीपीटीनं शिळे केले नाहीत. हे वापरणारा माणूस कोण, त्याच्यावर याचा परिणाम काय, ज्यांना आजवर कुणी विचारलं नाही त्यांच्यापर्यंत हे पोचतं का, त्याची खाजगी गोष्ट कुठे जाते. यंत्र एका आठवड्यात बदललं. प्रश्न तसेच राहिले, उलट मोठे झाले.

पहिल्या दुपारी ते सगळे एलायझा या जुन्या चॅटबॉटवर आले. या विषयावर बोलणारा कुणीही तिथे येतोच, असं दिसतं. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉमनी १९६६ मध्ये या प्रोग्रॅमबद्दल लिहिलं. समोरचा काही बोलला की त्याचेच शब्द उलटे करून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची कला. "मला आईची आठवण येते" म्हटलं की "आईबद्दल आणखी सांगा." कळत काहीच नव्हतं त्याला. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनं, जिला तो प्रोग्रॅम तयार होताना रोज दिसत होता, थोडं बोलून झाल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस इतक्या थोडक्यावर विश्वास टाकतो याचा वायझेनबॉमना धक्का बसला, आणि पुढची सगळी वर्षं ते याच धोक्याबद्दल बोलत राहिले. त्या प्रोग्रॅमची मूळ छापील पानं २०२१ मध्ये एमआयटीच्याच दफ्तरात सापडली.

त्यांना धक्का का बसला हे मला समजतं, पण मला स्वतःला बसला नसता. रात्रपाळीला नंबर घेऊन झाल्यावरही फोन न ठेवणारी माणसं असायची. काही विचारायचं नसायचं त्यांना.

एलायझा हे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं. तिला जसं शिकवत शिकवत चांगलं बोलायला लावता येतं तसं या प्रोग्रॅमला लावता येईल, म्हणून वायझेनबॉमनी ते ठेवलं. आपल्याकडे तीच फुलवाली पु. लं. च्या 'ती फुलराणी'त १९७५ मध्ये मंजुळा होऊन आली, भक्ती बर्वेंच्या आवाजात. हे मी त्या मंडळींना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. पण मला त्यापुढचंही बोलायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी घडलेलं पाहिल्यावर जास्त नीट सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका आले. पिढीजात बागायतदार, हापूसची कलमं कातळावर वाढवलेली, तोंडात अष्टौप्रहर पान. शेतीवाल्या मुलानं त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाला, "काका, काहीही विचारा, मराठीत." काका घरात, बाजारात, देवळात, सगळीकडे मालवणीच बोलतात. मोबाइल हातात आल्याबरोबर ते ताठ बसले, घसा खाकरला आणि रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलावेत तसे बोलू लागले: "नमस्कार. आमच्या आंब्याच्या मोहोराला..." आणि थांबले. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. तेवढ्यात यंत्रानं समजून घेतलं की यांचं बोलून झालं. ते आंब्याच्या मोहोराचं संपूर्ण व्यवस्थापन सांगायला लागलं, खत-पाण्यापासून. काका हातानं त्याला थांबवत राहिले. हात त्याला दिसणार कुठून?

भाषाविज्ञानाच्या बाईंनी इथे एक चांगली गोष्ट सांगितली. दहा भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला होता. हो-नाहीचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यात सरासरी एक पंचमांश सेकंदाचा अवकाश असतो. जपानी लोक त्याहून चटकन बोलतात, डॅनिश लोक रेंगाळतात, पण सगळ्या भाषा त्याच्याच आसपास. म्हणजे समोरचा थांबायच्या आधीच आपण ओळखलेलं असतं की आता आपली पाळी. सुरावरून, श्वासावरून, चेहऱ्यावरून. यंत्र बहुतेक वेळा नुसती शांतता मोजतं. आणि ज्या बोलणाऱ्याच्या शांततेत सुपारी फुटत असते, त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बाईंना यावर हसू आलं नाही, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग मी माझं फुलराणीचं म्हणणं मांडलं. नाटकात प्राध्यापक मंजुळाला शुद्ध बोलायला शिकवतो. वायझेनबॉमना वाटलं होतं, इथे यंत्र ही मंजुळा. पण आत्ता खळ्यात मंजुळा कोण झालं? काका झाले. यंत्राला कळावं म्हणून सत्तरी उलटलेल्या माणसानं आपली बोली घरी ठेवली आणि पुस्तकी बोलायला लागला. यावरही अभ्यास झालेले आहेत असं मला लगेच सांगण्यात आलं: समोर यंत्र आहे असं वाटलं की माणसं त्याचेच शब्द उचलतात, आणि यंत्र जितकं साधं वाटेल तितकी जास्त उचलतात. शहाण्यानं अडाण्याशी जुळवून घ्यावं तसंच ते, पण रोज रोज केलं तर शहाणाच बदलतो. सरकारच्या 'भाषिणी'सारख्या योजना २०२२ पासून आपल्या भाषांसाठी धडपडताहेत, चेन्नईच्या आयआयटीतली मंडळी अनुसूचीतल्या २२ भाषांतलं साधं, बोलतानाचं बोलणं गोळा करताहेत, हे सगळं चांगलंच आहे. मालवणी मात्र मराठी आणि कोकणी या दोन खुर्च्यांच्या मधे उभी. यादीत तिचं वेगळं नाव नाही.

काकांनी दुसऱ्या खेपेला पान थुंकून, सरळ विचारलं. "मोहर काळो पडता, काय मारू?" यंत्राला मालवणी कळली, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं चार औषधांची नावं, प्रमाणं आणि फवारणीच्या वेळा धडाधड सांगितल्या. मराठी स्वच्छ, आवाज गोड. काका खूश. शेतीवाला मुलगा मात्र कपाळाला हात लावून बसला. कारण मोहोर काळा पडतो तो एका कारणानं नाही. तुडतुडे रस शोषतात, त्यांचा चिकट खार मोहोरावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. करपा पडला तरी मोहोर काळवंडतो, तिथे औषध वेगळं. कुठलाही अनुभवी माणूस आधी विचारील: बोटाला चिकट लागतं का? यंत्रानं विचारलंच नाही. त्यानं दोन्ही रोगांचं मिळून उत्तर दिलं. मग कीटकनाशकाचा खर्च, फुलांवर येणाऱ्या माश्यांचं मरण, सगळं बागायतदाराच्या माथी.

यावरून जे बोलणं निघालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. बांगड्याची तिरफळं घातलेली कढी ताटात थंड झाली, माझ्या स्वयंपाकाचा असा अपमान विद्वानांनीच करावा. २०१५ मध्ये बारा भाषांतल्या साध्या गप्पांवर काम झालं. त्यात दिसलं की माणसं सरासरी दर १.४ मिनिटाला एकमेकांना अडवतात. "काय?", "कोण म्हणालास?", "म्हणजे कालचंच ना?" जगभर असंच. आपण याला समजायला अडचण म्हणतो, पण बोलणं टिकतं ते याच अडवण्यावर. १९७ वर आमची सगळी हुशारी या अडवण्यात होती. कुठला प्रश्न विचारला की शंभर कुलकर्ण्यांचे तीन होतील, हे सहा महिन्यांत अंगात मुरायचं. आणि हे मोठमोठे बॉट, ज्यांनी जगातलं छापलेलं बरंचसं वाचलंय, ते अडवत नाहीत. उत्तर देऊन मोकळे होतात.

का नाहीत, यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी करणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांचा एक निबंध आला. त्यांचं म्हणणं असं की या यंत्रांची परीक्षा आपण ज्या रीतीनं घेतो तिच्यात "माहीत नाही"ला शून्य गुण आणि ठोकून दिलेल्या उत्तराला निदान बरोबर निघण्याची आशा. त्यामुळे यंत्र ठोकायला शिकतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच कंपनीला चॅटजीपीटीचा एक नवा अवतार मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावत सुटला होता.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं देऊळ उभं राहिलं, आणि मी ते बोलून दाखवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकजण पुढे उभा राहून देवाला सांगतो, "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक वाक्याला मागची सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." काहीही मागा, व्हय म्हाराजा. पण त्याच देवळात कौलही लावतात. पाषाणावर पाण्यानं फुलांचे कळे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आणि कधी कधी काहीच पडत नाही. गुरव हात जोडून उभा, विचारणारा घामाघूम, कळे जागच्या जागी. "देव कौल देत नाय," गुरव सांगतो. मग प्रश्न बदलायचा, किंवा चार दिवसांनी यायचं. कित्येकदा गुरवच विचारतो, घरात आणखी कोणाशी बोलून आलास काय? कौलावर माझा विश्वास किती हा प्रश्न वेगळा, आणि तो त्या मुलांनी विचारलाही, मी टाळला. सांगायचं होतं ते इतकंच की तुमच्या यंत्रानं गाऱ्हाण्याचा मागचा आवाज तेवढा उचललाय. कौल न देणं त्याला येत नाही. शिवाय गुरव गावातच राहतो. त्याचा कौल चुकला तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याला लोक गाठतात.

यावर पुतणीनं एअर कॅनडाचा किस्सा काढला. एका प्रवाशाला आजीच्या मृत्यूनंतर सवलतीच्या तिकिटाबद्दल त्या कंपनीच्या बॉटनं चुकीचं सांगितलं. कंपनीनं लवादापुढे असा पवित्रा घेतला की बॉट काय बोलतो त्याला तोच जबाबदार. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या लवादानं ते उडवून लावलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. आता युरोपच्या नव्या कायद्यात, समोर यंत्र आहे हे माणसाला सांगितलंच पाहिजे अशी तरतूद आहे. बरोबरच आहे, पण मला ते अर्धंच वाटतं. यंत्र आहे हे कळून काय उपयोग, त्याच्यामागे कोण आहे हे कळायला हवं.

दुपारनंतर त्यांनी एक प्रयोग केला आणि त्यात मला ओढलं. या क्षेत्रात ही जुनीच पद्धत आहे: पडद्याआड माणूस बसवायचा आणि वापरणाऱ्याला वाटू द्यायचं की यंत्रच बोलतंय. म्हणजे यंत्र तयार व्हायच्या आधी कळतं की ते कसं असायला हवं. काकांना एवढंच सांगितलं की ही दुसरी चाचणी आहे, सगळं नंतर समजावून सांगू. मी माजघरात लॅपटॉप घेऊन, काका खळ्यात. ते बोलायचे, मी ऐकून टाइप करायची, मोबाइल माझं लिहिलेलं यंत्राच्या आवाजात वाचायचा. काका म्हणाले, "मोहर काळो पडता." मी लिहिलं, "हात लावल्यावर चिकट लागतं का?" ते उठून कलमाकडे गेले. पाच मिनिटांनी आले. "चिकट आसा." "पानं चमकतात का?" "चमकतत." मग शेतीवाल्या मुलानं कानात सांगितलेलं एकच औषध मी लिहिलं, आणि वर "आधी पान थुंकून या, नीट ऐकू येत नाही" असंही लिहिलं. काका म्हणाले, "ह्यां यंत्र बरां आसा, विचारता तरी." नंतर खरा प्रकार सांगितला तेव्हा ते जराही चकित झाले नाहीत. "माका तेव्हाच कळला. पान थुकून ये म्हणून दुसरा कोण सांगतला?"

मी जिंकले असं या प्रयोगावरून कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. मानसशास्त्रातला मुलगा तोवर गप्प होता, तो म्हणाला, "मावशी, पण काका तुमच्याशी सगळं बोलले असते का?" आणि त्यानं २०१४ चा एक अभ्यास सांगितला. पडद्यावरच्या पात्रामागे माणूस नाही, नुसता संगणक आहे असं ज्यांना सांगितलं ती माणसं मनातलं जास्त मोकळेपणी बोलली. हे खरं असणार. आमच्या गावात सकाळी दवाखान्यात गेलेल्या बाईचं दुखणं दुपारपर्यंत तीन वाड्यांना माहीत होतं. पाळीचं दुखणं, नवऱ्याचं पिणं, मुलाचं कर्ज, हे माझ्याकडे कुणी आणणार नाही. यंत्राकडे नेतील, नेतातही. माझ्या ओळखीतली एक मुलगी रात्री मोबाइलला काय काय विचारते ते मला ठाऊक आहे. गुरव गावात राहतो हा त्याचा गुण मी सांगितला होता. इथे तोच दोष ठरतो. फक्त त्या मुलीला हे कुणी सांगितलेलं नाही की यंत्र वाडीत चहाडी करत नसलं तरी तिचं बोलणं कुठेतरी साठतं. त्या 'कुठेतरी'चा पत्ता खळ्यात बसलेल्या एकालाही धड सांगता आला नाही.

संध्याकाळी माझा चुलतभाऊ बंदरावरून आला. त्याची बोट आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते, कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीला. या मुलांनी त्याला विचारलं, भरवसा वाटतो का? तो म्हणाला, वाटतो, कारण आभाळ भरलेलं असलं की ते काही सांगत नाहीत. ढगांतून उपग्रहाला पाण्याचं तापमान दिसत नाही, मग त्या दिवशी त्या भागाची माहितीच येत नाही. मासळी मिळाली नाही असे दिवस त्यानं पुष्कळ पाहिलेत, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. शेतीवाल्या मुलानं त्याला हे तीनदा बोलायला लावलं आणि रेकॉर्ड केलं.

रात्री त्यांनी फळ्यावर त्यांच्या बॉटसाठी नियम लिहिले. औषधाचं नाव सांगायच्या आधी निदान एक प्रश्न विचारायचा. दोनदा समजलं नाही तर तिसऱ्यांदा अंदाज करायचा नाही, माणसाचा नंबर द्यायचा. गप्प बसलेल्याला जास्त वेळ द्यायचा. किती, यावर वाद झाला. नंबर कुणाचा, यावर त्याहून मोठा वाद झाला. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, तिथे माणसं बसतात, तो एक. पण काकांना हवा होता ओळखीचा कृषी सहायक. त्याच्याकडे कितीतरी गावं. संध्याकाळी त्यानं फोन उचलायचा की नाही, त्याचे पैसे कोण देणार? संगणकवाला एकजण म्हणाला, हा काही आपल्या संशोधनाचा विषय नाही. पुतणी चांगलीच भडकली. हाच विषय आहे, म्हणाली, बाकी सगळं विकत मिळतं.

त्या सहायकांना एकत्र बोलवायचं ठरलंय. तिनं मार्च महिना धरला होता. मार्चमध्ये इथे आंबा उतरवायची धांदल असते, पेट्या भरायच्या सोडून बोलायला कोण येणार, असं मी सांगितल्यावर तिनं बैठक जुलैत घेतली आहे. तेव्हा मासेमारीही बंद असते, चुलतभाऊही येईल.